आठाचे बारा

जुलै महिना, सकाळचे सव्वानऊ आणि भोसरीहून दादांचा फोन. दादांचा फोन सव्वानऊला आला म्हणजे मशीन बंद आहे आणि अकराला आला म्हणजे पेमेंट निघालंय. एवढ्या वर्षांत अकराला आलेले फोन एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, त्यातला एक तर राँग नंबर होता.

"सर, ते गेज गेलं ओ. नवीन आणलंय. कंपनीवाला म्हणतो सेम आहे, फक्त मॉडेल नवीन. पण तुमचं सॉफ्टवेअर त्याला ओळखच दाखवंना."

दादांचा एमआयडीसीत छोटा कारखाना आहे, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, बुश (भोकवाली धातूची नळकांडी) बनवतात. प्रत्येक बुशचं भोक मायक्रॉनमध्ये बरोबर आहे की नाही ते बघायला एक टेबल आहे, त्या टेबलावर गेज आहे आणि टेबलाखाली एक पीसी आहे ज्यावर मी २०१२ साली लिहिलेला प्रोग्रॅम चालतो. विंडोज ७, ३२ बिट, आणि प्रोग्रॅमची भाषा पायथन २.७.३. आता हसू नका. एप्रिल २०१२ मध्ये २.७.३ हे एकदम ताजं वर्जन होतं, तेव्हा मीही ताजा होतो. गेजवाल्यांनी त्या वेळी फक्त एक डीएलएल (तयार कोडची फाइल) आणि एक हेडर फाइल (त्या कोडला कशी हाक मारायची त्याची यादी) हातात ठेवली होती, म्हणून पायथन आणि गेज यांची बोलणी करून द्यायला मी सी भाषेत एक मॉड्यूल, म्हणजे पायथनला जोडायचा तुकडा, लिहिलं, लग्नात मध्यस्थ असतो तसं. (इथे कोणीतरी म्हणणारच की सीटाइप्स, म्हणजे पायथनमधून डीएलएल थेट वापरायची सोय, का नाही वापरलं, त्याला कंपायलर (सी चा कोड मशीनला कळेल असा करून देणारा प्रोग्रॅम) लागलाच नसता. तर तेव्हा मला वेग हवा होता. ऑपरेटर हाताने बुश उचलून गेजवर ठेवतो, मध्ये एकदा तंबाखू मळतो, मग पुढचा बुश. त्यात वेग कशाला हवा होता ते मला आज सांगता येत नाही.)

नव्या गेजचं पीडीएफ वाचलं. जुनं गेज एका रीडिंगला ८ बाइट पाठवायचं, नवीन १२ पाठवतं, कारण त्याला तापमान पण सांगायची हौस आहे. म्हणजे माझ्या सी फाइलमध्ये एका ठिकाणी ८ लिहिलंय तिथे १२ करायचं. एक ओळ. ओळ पण नाही, एक आकडा.

"दादा, संध्याकाळपर्यंत देतो करून."

हे वाक्य मी का बोललो. आठाचे बारा करायला गेलो आणि नऊ दिवस माझेच बारा वाजत होते.

दादांना विचारून पाहिलं की या निमित्ताने सगळंच नवीन पायथनवर नेऊया का, जुन्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपलाय. त्यावर दादा म्हणाले, "आमच्या लेथचा सपोर्ट तर कंपनीसकट संपलाय सर, चालतोय की." याला काय उत्तर देणार. शिवाय त्या विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढचं चढतच नाही, म्हणजे पीसी बदला, मग त्यात जुनं सिरियल कार्ड बसत नाही, मग ते बदला, असं करत करत शेवटी दादा मलाच बदलतील. तर तो विषय तिथेच सोडला.

तर आकडा बदलला, बिल्डची, म्हणजे कोडचं तयार मॉड्यूल करायची, कमांड दिली आणि चहाचा कप तोंडाला लावायच्या आत उत्तर आलं: अनेबल टू फाइंड व्हीसीव्हार्सऑल डॉट बॅट.

बॅट सापडत नाहीये. चाळीत वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं. बॅट ज्याची, त्याच्या मर्जीवर खेळ. तो जेवायला गेला की मॅच बंद. ही बॅट म्हणजे कंपायलर कुठे आहे, त्याच्या लायब्ऱ्या कुठे आहेत हे सगळं सांगणारी एक चिमुकली फाइल असते, आणि ती नाही याचा अर्थ कंपायलरच घरात नाही. पण माझ्या लॅपटॉपवर कंपायलर होता ना! व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१५, चांगला धडधाकट. त्याची बॅट पण होती, मी स्वतः फोल्डरमध्ये जाऊन बघून आलो. पण पायथनला ती बॅट नको होती. त्याला त्याचीच बॅट पाहिजे होती.

हे प्रकरण काय आहे ते सांगतो, कारण मला ते कळायला दोन दिवस लागले आणि ते दुःख एकट्याने भोगण्यात अर्थ नाही. पायथन २.७ सुरू केलं की पहिल्या ओळीत "एमएससी व्ही.१५००" असं काहीतरी येतं. मी पंधरा वर्षं ती ओळ पाहतोय आणि पंधरा वर्षं दुर्लक्ष करतोय, एसटीतल्या "धूम्रपान करू नये" पाटीसारखं. तर तो पायथन स्वतः ज्या कंपायलरने बनला त्याचा तो नंबर. बिल्ड करताना पायथन काय करतो, तर तो १५०० घेतो, शेवटचे दोन आकडे उडवतो, राहिले १५, त्यातून ६ वजा करतो, आले ९. आणि मग नऊ नंबरचा कंपायलर शोधत घरभर फिरतो. का सहाच वजा करायचे? तर तसंच आहे. पंचांगात कुठे कोण विचारतं.

हा नऊ नंबर म्हणजेच व्हिज्युअल सी प्लस प्लस २००८. म्हणजे एकाच कंपायलरला तीन नावं. पाळण्यातलं नाव ९.०, शाळेच्या दाखल्यावर २००८, आणि सरकारी कागदावर १५००. आमच्याकडे पण असंच आहे, घरात मला सगळे एका नावाने हाक मारतात, दाखल्यावर दुसरंच, आणि बँकेत तिसरंच स्पेलिंग, पण निदान मी माणूस एक आहे हे बँकेला चौथ्या फेरीत पटतं. पुढची भावंडं पण अशीच: २०१० म्हणजे १०, २०१३ म्हणजे १२, आणि २०१५ म्हणजे एकदम १४. तेरा नंबर गाळलाच, नवीन टॉवरमध्ये बाराव्यानंतर चौदावा मजला येतो तसं. मग त्या सहा वजा करणाऱ्या हिशोबात नंतर कोणीतरी "तेरा किंवा जास्त आले तर एक मिळवा" अशी ओळ टाकून ठेवली. वाचून मला फार बरं वाटलं. जगात इतर ठिकाणी पण लोक असंच काम करतात.

आता पहिली आयडिया. पायथन २००८ च्या कंपायलरचा पत्ता एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (विंडोजने सगळ्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेली नोंद) बघतो, त्या व्हेरिएबलमध्ये २०१५ चा पत्ता भरून टाकायचा. म्हणजे धाकट्याला थोरल्याचे कपडे घालून उभा करायचा. ही युक्ती माझी नाही, जगात हजारो लोकांनी केली आहे आणि "वर्क्ड फॉर मी" लिहून गायब झालेत. केली. कंपायलर चालला. मग मॅनिफेस्ट नावाची फाइल सापडत नाही म्हणून रडला, त्यासाठी पायथनच्याच एका फाइलमध्ये हात घालून एक शब्द वाढवला. मग बिल्ड झालं! मॉड्यूल तयार! इम्पोर्ट पण झालं, म्हणजे पायथनने ते आत घेतलं! मी बायकोला हाक मारली, की बघ, झालं. ती आली, तिने बघितलं, आणि तिच्या डोळ्यांसमोर पायथन मेला. काही बोलला नाही, एरर नाही, ट्रेसबॅक नाही, नुसती विंडो गेली.

"हेच दाखवायला बोलावलंस?"

का मेला? माझं मॉड्यूल रीडिंगची नोंद एका लॉग फाइलमध्ये लिहितं आणि ती फाइल पायथन उघडून देतो. आता पायथन २००८ च्या कंपायलरचा, म्हणजे त्याची रनटाइम लायब्ररी (फाइल, मेमरी सांभाळणारा कोड) २००८ ची, त्याने उघडलेल्या फाइलचा कागद २००८ च्या पद्धतीचा. माझं मॉड्यूल २०१५ चं, त्याची लायब्ररी वेगळी. म्हणजे एका देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडचं ४७ नंबरचं टोकन घेऊन मी दुसऱ्या देवळाबाहेरच्या स्टँडवर उभा. टोकन पितळेचं, नंबर स्पष्ट, स्टँडवाला पण प्रामाणिक, पण ४७ च्या खणात एक तर कोणाची तरी लेडीज सँडल असणार नाहीतर भिंत. मेमरीचं पण तेच, एका लायब्ररीकडून घेतलेली मेमरी दुसरीकडे परत करायला गेलात की, एका दुकानातून डिपॉझिटवर आणलेली सोड्याची बाटली दुसऱ्या दुकानात ठेवायला गेल्यासारखी भांडणं. त्यातल्या त्यात मी नशीबवान, कारण माझा प्रोग्रॅम पहिल्याच मिनिटाला मेला. नाहीतर असली मॉड्यूल्स चार चार दिवस गुण्यागोविंदाने चालतात आणि मग बरोबर महिनाअखेरीला डिस्पॅचच्या वेळी मरतात.

म्हणजे जुनाच कंपायलर पाहिजे. तोच. नऊ नंबर.

मध्ये मिनजीडब्ल्यूचा, म्हणजे जीसीसी नावाच्या फुकट कंपायलरच्या विंडोजवाल्या अवताराचा, पण प्रयत्न झाला, तो थोडक्यात सांगतो कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. माझ्या जुन्या पायथनने नव्या जीसीसीला एक असा ऑप्शन दिला जो जीसीसीने मधल्या काळात काढूनच टाकलाय, जीसीसी म्हणाला मी ओळखत नाही. मी ती विंडो बंद करून टाकली.

आमची लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती मागून येऊन बघत होती.

"बाबा, पिप इन्स्टॉल करा ना."

"अगं, हे मी लिहिलेलं मॉड्यूल आहे, ते पिपवर कसं असेल?"

"मग कोणीतरी व्हील बनवलं असेल."

ही यांची पिढी. यांनी पिपची एक कमांड दिली की नेटवरून व्हील येतं, म्हणजे आधीच कंपाइल केलेलं पॅकेज, सगळं तयार मिळतं, डब्यातल्या पुरणपोळीसारखं, उघडा आणि गरम करा. पुरण वाटावं लागतं, त्यात कणी राहिली की पोळी फुटते, हे यांच्या गावी नाही. आमच्या वेळी विंडोजवर साधं एखादं सायंटिफिक पॅकेज पाहिजे असेल तर कॅलिफोर्नियातल्या एका युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेतला एक भला माणूस शेकडो पॅकेजेस स्वतः कंपाइल करून आपल्या पानावर ठेवायचा, त्या पानाच्या जिवावर आमची अर्धी पिढी जगली. हे मी तिला सांगायला लागलो तेव्हा ती फोनकडे बघत होती. मग म्हणाली, "मी एआयला विचारलं. तो म्हणतो कंपायलर फुकट मिळतो, ही घ्या लिंक."

आणि खरंच, मिळत होता! म्हणजे नंतर कळलं ते असं की हा त्रास जगात इतक्या लोकांना व्हायचा की सप्टेंबर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीनेच खास पायथन २.७ साठी त्या २००८ च्या कंपायलरचं एक छोटं पॅकेट काढलं, एकच एमएसआय (इन्स्टॉलरची) फाइल, त्यात ३२ बिट पण आणि ६४ बिट पण, ॲडमिनचा पासवर्ड नसला तरी बसणारं. २००८ चा कंपायलर २०१४ साली पुन्हा बांधून दिला. इतकी माणुसकी सॉफ्टवेअरमध्ये सहसा दिसत नाही. मी आनंदाने लिंकवर क्लिक केलं.

पान अस्तित्वात नाही.

दुसरी लिंक, तेच. तिसरी लिंक पहिल्या लिंककडे नेत होती. चौथी एका अशा साइटवर गेली जिथे डाउनलोड लिहिलेली सात हिरवी बटणं होती आणि त्यातलं खरं एक. मी अनुभवी माणूस, नीट निरखून सर्वात लहान बटण दाबलं. त्यातून ड्रायव्हर अपडेट करणारं काहीतरी, एक हवामान दाखवणारं काहीतरी आणि एक "तुमचा पीसी धोक्यात आहे" असं सारखं सांगणारं काहीतरी उतरलं. तिसरं खरं बोलत होतं. एक संध्याकाळ ते साफ करण्यात गेली.

या सगळ्या गडबडीत आईने सांगितलं की कुकरची रिंग सैल झालीये, शिट्टीच होत नाही. कुकर तिच्या लग्नातला. तो घेऊन बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने झाकण हातात घेतलं, एकदा उजेडाकडे धरलं, वर न बघता पोऱ्याला म्हणाला, "अरे ती मागची काळी दे, बारीक कडेची." बसली. चाळीस रुपये. मी तिथे दोन मिनिटं उभाच राहिलो. त्याला विचारावंसं वाटलं की काका, नऊ नंबरचा कंपायलर आहे का, बारीक कडेचा. जगातल्या प्रत्येक जुन्या कुकरला जिथे रिंग मिळते तिथे प्रत्येक जुन्या पायथनला कंपायलर देणारं एखादं दुकान का नसावं? मागे मळकट बनियनवर बसलेला माणूस, प्रोग्रॅम उजेडाकडे धरणारा.

तिथेच आठवलं. अरे, २०१२ साली मी हे काम केलं तेव्हा माझ्याकडे व्हिज्युअल स्टुडिओ २००८ च्या एक्सप्रेस एडिशनची डीव्हीडी होती! फुकटवाली. आणि मी शहाणपणाने तिची एक कॉपी दादांकडे दिली होती, की पुढे लागली तर असावी. रस्त्यातूनच फोन लावला.

"दादा, मी तुम्हाला एक डीव्हीडी दिली होती, जपून ठेवा म्हणून."

"असंल की सर. आपण काय टाकत नाही. बघतो, हितंच कुठंतरी असंल."

दादांचं "बघतो" मला माहीत आहे. दुसरा रस्ता शोधणं भाग होतं.

माझा एक कॉलेजचा मित्र आहे, त्याला आम्ही फर्स्ट इयरपासून भंगार म्हणतो, त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी लक्षात आहे का शंका आहे. हा माणूस काही टाकत नाही. त्याच्याकडे अजून फ्लॉपी आहेत, आणि त्या कशात घालायच्या तो ड्राइव्हही आहे. गेलो त्याच्याकडे कोथरूडला. त्याने माळ्यावरून एक गादीची खोळ काढली. तिच्यात डीव्हीड्या. कॉम्प्युटर मासिकांबरोबर फुकट यायच्या त्या, कोणाच्या तरी मुंजीची, "विंडोज सगळे" असं मार्करने लिहिलेली, आणि तळाशी, हो, व्हिज्युअल सी प्लस प्लस २००८ एक्सप्रेस. मला अक्षरशः भरून आलं. एक्सप्रेसमध्ये ६४ बिटचा कंपायलर नसतो, पण आपलं काम ३२ बिटचं, म्हणजे अंगाला नीट बसणारं.

आता डीव्हीडी घालायची कुठे? माझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, लेकीच्या नाही, भंगारच्या पीसीला आहे पण त्याचा ट्रे बाहेर येत नाही, तो स्टेपलरच्या पिनेने काढावा लागतो आणि मग आत जात नाही. तपकीर गल्लीत गेलो. चौथ्या दुकानात यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळाला. दुकानदाराने वरची धूळ फुंकली आणि माझ्याकडे फार काळजीने बघितलं.

"लग्नाची सीडी बघायचीय का?"

"नाही ओ, कंपायलर."

"असू दे, असू दे," तो म्हणाला. लोक असं रुग्णाला म्हणतात.

डीव्हीडी फिरली. घर्रर्र आवाज करत ७३ टक्क्यांपर्यंत कॉपी झाली आणि थांबली. पुसली, ७३. टूथपेस्ट लावून पुसली, ७३, फक्त आता खोलीला पुदिन्याचा वास. भंगार म्हणाला केळ्याच्या सालीने पुसतात. केळं आणलं. साल लावली. आता ड्राइव्हने डीव्हीडी आहे हे मान्य करायलाच नकार दिला. केळं आम्ही दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं.

निघता निघता भंगार चपला घालत म्हणाला, "तुला तो पायथनसाठीचा छोटावाला चालेल का रे? एमएसआय असतं ते?"

मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"माझ्या जुन्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर आहे बहुतेक. तू डीव्हीडी डीव्हीडी करत होतास म्हणून बोललो नाही."

न्यू फोल्डर, त्यात न्यू फोल्डर ३, त्यात "कामाचं", त्यात "कामाचं जुनं", आणि तिथे ती फाइल शांत झोपलेली. पण सात हिरव्या बटणांनी पोळलेला माणूस मी, लगेच डबल क्लिक केलं नाही. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर उघडून बघितलं, सही मायक्रोसॉफ्टचीच आणि व्हॅलिड. कोणी जुना कंपायलर पेन ड्राइव्हवर दिला तर हे एवढं बघाच, आपला मित्र असला तरी. विशेषतः मित्र भंगार असेल तर.

इन्स्टॉल झालं अर्ध्या मिनिटात. बिल्ड मारलं. बॅट सापडत नाही.

मी फार शांत होतो असं बायको नंतर म्हणाली. झालं काय होतं, तर हे पॅकेट आपली बॅट नेहमीच्या जागी ठेवत नाही, ते युजरच्या फोल्डरमध्ये कुठेतरी खोल जाऊन बसतं, आणि ती जागा माहीत असायला सेटअपटूल्स (पायथनची बिल्ड करून देणारं पॅकेज) ६.० किंवा पुढचं पाहिजे. सेटअपटूल्स आणायला पिप पाहिजे. पिप पायथनबरोबर यायला लागलं २.७.९ पासून, माझं २.७.३. बरं पिप कसंबसं आणलं तरी ते सर्व्हरशी बोलणार कसं, कारण सर्व्हरला आता टीएलएस (सुरक्षित बोलण्याची पद्धत) १.२ च्या खाली चालत नाही आणि माझ्या पायथनला ते येत नाही. रेशन कार्डाला रहिवासी दाखला, रहिवासी दाखल्याला लाइट बिल, आणि लाइट बिल घरमालकाच्या नावावर. शेवटी ब्राउझरमधून हाताने सेटअपटूल्सचं ४४ नंबरचं वर्जन उतरवलं, जुन्या पायथनला चालणारी शेवटची मालिका ती, त्याच्या पुढचं दार बंद. सेटअप फाइलमध्ये पायथनच्या घरच्या डिस्टयुटिल्सच्या जागी सेटअपटूल्स लिहिलं आणि पुन्हा बिल्ड.

बॅट सापडली!! आणि कंपायलर म्हणाला, स्टडइंट डॉट एच सापडत नाही.

आकडे किती बिटांचे ते ठरवणारी ही हेडर फाइल. नव्या गेजच्या हेडरमध्ये ती फाइल मागितलेली, कारण गेजवाल्यांचा इंजिनिअर तरुण आहे आणि त्याला वाटतं ती सगळ्यांकडेच असते. ती आली २०१० च्या कंपायलरपासून. २००८ वाल्याने तिचं नावही ऐकलेलं नाही. पाच-सहा टाइपडेफ (प्रकारांना नावं देणाऱ्या ओळी) हाताने लिहून त्याच नावाची फाइल बनवून ठेवली, पाहुणे आल्यावर शेजारून खुर्च्या आणतात तसं.

मग शेवटची एरर. सिंटॅक्स एरर, टाइपच्या आधी सेमीकोलन नाही. मी ती ओळ बघितली. सेमीकोलन होता. वरची ओळ बघितली, होता. खालची बघितली, होता. चष्मा पुसला. लेकीला बोलावलं, "इथे सेमीकोलन दिसतोय का?" म्हणाली दिसतोय. बायकोला बोलावलं, तिने पण साक्ष दिली. आईने पण कौतुकाने बघितलं आणि म्हणाली तो टिंब आणि स्वल्पविराम का, आहे की. चार जणांच्या साक्षीने सेमीकोलन हजर आणि कंपायलर म्हणतोय गैरहजर. पाऊण तास गेला. मग साक्षात्कार झाला की बिघाड सेमीकोलनमध्ये नाहीच, मी तापमानासाठी एक नवीन व्हेरिएबल फंक्शनच्या मध्येच डिक्लेअर केलं होतं, आणि हा जुन्या वळणाचा कंपायलर, याला सगळी व्हेरिएबल्स कंसाच्या सुरुवातीलाच ओळीने उभी पाहिजेत, पंगतीच्या मध्ये येऊन पाट मांडलेला चालत नाही. पण तसं स्पष्ट सांगेल तर शपथ. आमचे एक मामा असेच होते, पानात मीठ कमी पडलं की म्हणायचे आजकाल पाऊस वेळेवर पडत नाही.

ओळ वर नेली. बिल्ड. चार सेकंद. मॉड्यूल तयार, २१ केबी. इम्पोर्ट केलं, लॉग लिहिला, पुन्हा लिहिला, शंभरदा लिहिला, मेला नाही. या वेळी मी कोणालाही हाक मारली नाही.

दहाव्या दिवशी सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन भोसरीला गेलो. फाइल टाकली, गेज लावलं, ऑपरेटरने बुश ठेवला, स्क्रीनवर आकडा आला, शेजारी तापमान पण आलं. ऑपरेटर म्हणाला बघा, मी म्हणत होतो ना आज उकडतंय.

दादांनी चहा मागवला. "काय झालं होतं ओ सर नेमकं?"

आता यांना १५०० सांगू, की सहा वजा सांगू, की चप्पल स्टँड सांगू. म्हटलं, "काही नाही दादा, एका ठिकाणी आठ होतं तिथे बारा केलं."

दादा थोडा वेळ चहाकडे बघत राहिले. "म्हंजे एकच आकडा."

"एकच."

"नऊ दिवस."

"हो."

"मग बिल पण एका आकड्याचंच लावा की," असं म्हणून ते स्वतःच खूप हसले, आणि मीही हसलो, कारण पेमेंट अजून यायचं होतं. म्हटलं विषय बदलावा. "दादा, ती डीव्हीडी सापडली का हो? जपून ठेवा म्हटलेली?"

"अवो, मी म्हणलं नव्हतं का टाकत नाय म्हणून? ती काय."

त्यांनी बोट केलं तिकडे बघितलं. शेडच्या वरच्या झरोक्यात एका तंगूसाला बांधून ती लटकत होती, पंख्याच्या वाऱ्यावर गोल गोल फिरत, भिंतीभर चकचकीत उजेड पाडत. अर्धी फेरी झाली की माझं अक्षर दिसत होतं: "कंपायलर. सांभाळून ठेवणे."

"कबुतरं लय घाण करायची सर मालावर," दादा म्हणाले. "ही लावल्यापासून एक येत नाही बघा."

झरोक्याच्या कट्ट्यावर, डीव्हीडीला अगदी खेटून, दोन कबुतरं बसली होती.